पहिल्या सत्रातला माणूस

व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे पहिले सत्र बहुतेक ठिकाणी सारखेच असते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या एमबीए अभ्यासक्रमात या सत्राला व्यवस्थापकीय लेखाशास्त्र, संघटनात्मक वर्तन, व्यावसायिक निर्णयांसाठी अर्थशास्त्र, संशोधन पद्धती आणि विपणनाची मूलतत्त्वे हे विषय होते. अन्यत्र संख्याशास्त्र किंवा व्यवस्थापनाची तत्त्वे असतात. अभियांत्रिकी केलेले, वाणिज्य शाखेतून आलेले, फार्मसी झालेले असे सगळे एका वर्गात बसतात. त्यांना एका पातळीवर आणणे हे या सत्राचे काम समजले जाते.

परंतु या विषयांच्या बुडाशी एक प्रश्न आहे आणि तो कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही. माणूस मुळात कसा आहे? त्याला काय हवे असते, तो कशाने चालतो, त्याचे मोल कशात? धर्म आणि तत्त्वज्ञान ज्या प्रश्नाशी शतकानुशतके झगडत आले, त्याचे उत्तर या प्रत्येक विषयाने पहिल्या प्रकरणातच गृहीत धरलेले असते. शिवाय ही उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. सकाळी अर्थशास्त्राच्या तासाला भेटलेला माणूस दुपारी संघटनात्मक वर्तनाच्या तासाला ओळखूही येत नाही.

अर्थशास्त्रातला माणूस सर्वांत आधी भेटतो. त्याला आपली पसंती ठाऊक असते, तो किमतींची तुलना करतो आणि मिळेल त्या उत्पन्नात जास्तीत जास्त समाधान साधतो. मराठी पाठ्यपुस्तकांत या गृहीतकाला ‘विवेकशील वर्तन’ म्हणतात. हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. वेदान्तात साधकाच्या तयारीची पहिली पायरी म्हणजे नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’त हा शब्द पानोपानी येतो आणि तिथे तो सारासार निवडण्याच्या शक्तीसाठी येतो. काय मागावे हेच ठरवणारी ती शक्ती आहे. अर्थशास्त्राचा विवेक मागणे आधीच ठरले असे धरतो आणि ते स्वस्तात कसे मिळेल एवढेच पाहतो. शब्द एकच, पण साध्याचा विचार जाऊन साधनाचा हिशेब तेवढा उरला. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हा फरक सांगितला नाही, तर हिशेबीपणा म्हणजेच विवेक अशी त्याची समजूत होते.

हा माणूस ज्यांनी घडवला त्यांना त्याच्या मर्यादा माहीत होत्या. ॲडम स्मिथ ग्लासगो विद्यापीठात नीतितत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता. १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’च्या सतरा वर्षे आधी, १७५९ मध्ये, त्याचा मानवी सहानुभूतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. जॉन स्टुअर्ट मिलने १८३६ च्या एका निबंधात स्पष्ट केले की, अर्थशास्त्र माणसाकडे फक्त संपत्तीची इच्छा करणारा जीव म्हणून पाहते ते अभ्यासाच्या सोयीसाठी. माणूस खरोखर एवढाच आहे असे मानण्याइतका खुळा अर्थशास्त्रज्ञ झालेला नाही, असेही त्याने तिथे बजावले. मागणीचा वक्र पाठ्यपुस्तकात आला, ही ताकीद मात्र मागेच राहिली.

लेखाशास्त्राची गोष्ट वेगळी आहे. विद्यार्थ्यांना हा विषय सर्वांत रुक्ष वाटतो, पण तात्त्विक दृष्टीने पहिल्या सत्रातला सर्वांत समृद्ध विषय हाच. दुहेरी नोंद पद्धतीचे पहिले छापील विवेचन लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये प्रसिद्ध केले. पद्धत त्याने शोधली नाही. तिथले व्यापारी ती वापरत होते, त्याने ती नीट मांडली. व्यापाऱ्याने वहीचा आरंभ देवाच्या नावाने करावा आणि पहिल्या वह्यांवर क्रूसाची खूण करावी, असे तो सांगतो. इकडे लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर ‘श्री’ आणि ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते, त्यामागची भावनाही फार दूरची नाही. कीर्द आणि खतावणी खोटी असू नये, कारण ती कुणाच्या तरी साक्षीने लिहिली आहे.

या विषयाची खरी खोली त्याच्या संकल्पनांत आहे. धंदा आणि मालक वेगळे, ही त्यांतली पहिली. ताळेबंदात मालकाचे भांडवल देण्यांच्या बाजूला का दाखवायचे, हे नवख्या विद्यार्थ्याला उमगत नाही. उत्तर असे की धंदा हा स्वतंत्र आहे आणि तो आपल्या मालकाचाही देणेकरी आहे. ज्याला देह नाही, पण येणी-देणी आहेत, असे एक अस्तित्व इथे जन्माला येते. भारतीय माणसाला ही कल्पना अगदीच परकी नाही. देवस्थानची मूर्तीही कायद्याने व्यक्ती असते, तिच्या नावे जमीन असते आणि वहिवाट पाहणारे तिच्या वतीने व्यवहार करतात. असे देहहीन अस्तित्व नफा कमवू शकते हे उघड आहे. ते चूक करू शकते का, त्याला लाज वाटू शकते का, हा प्रश्न लेखाशास्त्र विचारत नाही. तो विचारणे तत्त्वज्ञानाचे काम आहे.

दुसरी संकल्पना म्हणजे जे पैशात मोजता येते तेवढेच लिहायचे. लेथ मशिनच्या झिजेला वहीत घसारा म्हणून जागा आहे. तीस वर्षे ते मशिन चालवणाऱ्या कामगाराचे गुडघे आणि डोळे झिजतात, त्याची नोंद कुठेच होत नाही. कारखान्याने नदीत सोडलेल्या पाण्याचा खर्च दंड बसेपर्यंत ताळेबंदात दिसत नाही. तरीही यासाठी लेखाशास्त्राला दोष देणे न्यायाचे नाही. या विषयाइतका प्रामाणिक विषय पहिल्या सत्रात दुसरा नाही, कारण तो आपली गृहीतके पहिल्याच प्रकरणात नाव घेऊन सांगतो. आपण काय मोजत नाही, हे तो लपवत नाही.

संघटनात्मक वर्तन, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेतले ‘ओबी’, आणि त्याला जोडून येणारा व्यवस्थापन विचाराचा इतिहास हे माणसाबद्दल थेट बोलतात. इतिहासाची सुरुवात बहुधा फ्रेडरिक टेलरपासून होते. बेथलेहेम स्टील कंपनीत १८९९ मध्ये त्याने कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुरांवर प्रयोग केले. दिवसाला साडेबारा टन वाहणारा मजूर त्याच्या सूचनांनुसार काम करून साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळजवळ चौपट झाले आणि मोबदला दीडपटीहून थोडा अधिक. टेलरने १९११ च्या आपल्या पुस्तकात या मजुराला श्मिट असे नाव दिले आणि अशा कामाला लागणारा माणूस बुद्धीने बैलासारखा असावा लागतो असे लिहिले. त्याच पुस्तकात तो सांगतो की, हा श्मिट जमिनीचा लहानसा तुकडा घेऊन त्यावर स्वतःचे घर बांधत होता. सकाळी कामावर जाण्यापूर्वी आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर तो भिंती उभ्या करत होता. टेलरने हे लिहिले ते श्मिट काटक आणि काटकसरी होता हे दाखवण्यासाठी. जो माणूस जागा निवडतो, पैसे साठवतो, भिंतीची ओळ साधतो, तो बैल कसा, हा प्रश्न त्याला पडला नाही.

पुढच्या प्रकरणात शिकागोजवळचा हॉथॉर्न कारखाना येतो. १९२४ ते १९३२ या काळात तिथे झालेल्या प्रयोगांत प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढले आणि कमी केला तरी वाढले. त्या निष्कर्षांवर नंतर पुष्कळ टीका झाली, पण संशोधक एल्टन मेयो आणि त्याच्या सहकाऱ्यांमुळे एक गोष्ट व्यवस्थापनाच्या विचारात कायमची आली: आपली दखल घेतली जाते, याला माणूस प्रतिसाद देतो. पुढे मानसशास्त्रज्ञ मास्लोची १९४३ ची गरजांची मांडणी येते. फळ्यावर काढला जाणारा प्रसिद्ध पिरॅमिड मास्लोच्या त्या लेखात नाही, तो नंतरच्यांनी काढला. वरच्या गरजांसाठी खालच्या गरजांकडे पाठ फिरवणारी माणसे असतात, हेही मास्लोने तिथे नोंदवले होते. आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या, वाटेत पावसात झोपणाऱ्या वारकऱ्याला त्या त्रिकोणात कुठे बसवायचे, हे म्हणूनच वर्गात विचारण्यासारखे आहे.

डग्लस मॅकग्रेगरने १९६० मध्ये ‘एक्स’ आणि ‘वाय’ ही गृहीतके मांडली. परीक्षेत अनेक विद्यार्थी कामगारांचे दोन प्रकार असतात, आळशी आणि मेहनती, असे लिहून येतात. मॅकग्रेगरचे म्हणणे तसे नव्हते. हे दोन प्रकार वरिष्ठांच्या समजुतीचे आहेत. कामगार कामचुकार आहे असे मानणारा साहेब त्याच्यावर पहारा बसवतो. पहाऱ्यातला माणूस मग सांगितले तेवढेच करतो, आणि साहेबाला आपली समजूत खरी ठरल्यासारखी वाटते.

याच विषयाशी ‘मानव संसाधन’ हा शब्द जोडलेला आहे. त्यात ‘साधन’ आहे. इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये आग्रहाने सांगितले की, माणसाला, मग तो स्वतः असो वा दुसरा, केवळ साधन म्हणून कधीच वागवू नये, तो नेहमी साध्यही असतो. त्यात ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नोकरीवर ठेवलेला माणूस साधन असतोच, त्यात गैर काही नाही. त्याचे दुसरे रूप विसरले गेले की गैर सुरू होते.

विपणनाच्या तासाला गरज, इच्छा आणि मागणी यांतला फरक शिकवला जातो. विक्रेता गरज निर्माण करत नाही, इच्छेला दिशा देतो, असा या विषयाचा बचाव असतो. अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथने १९५८ मध्ये यावर आक्षेप घेतला: ज्या उत्पादनाने आपली मागणी स्वतःच तयार केली, ते मागणी भागवते म्हणून त्याचे कौतुक करता येत नाही. विषयांचे सतत चिंतन करणाऱ्याला आसक्ती जडते आणि आसक्तीतून कामना उपजते, ही साखळी भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. बुद्धाने दुःखाचे मूळ तृष्णेत दाखवले. इच्छा कशी वाढते याचे ज्ञान दोन्हीकडे आहे, गीता आणि बुद्ध ते सुटकेसाठी वापरतात, जाहिरात गुंतवण्यासाठी. साबण विकण्यात पाप नाही. पण सावळ्या रंगाची लाज निर्माण करून क्रीम विकणे हे इच्छेला दिशा देणे नव्हे, ते जखम करून मलम विकणे आहे. संशोधन पद्धतीच्या विषयात माणूस नमुन्यातला एक आकडा होतो, एवढे नोंदवून पुढे जाता येईल.

हे सारे केवळ अभ्यासाचे नमुने आहेत, नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे, असे उत्तर यावर दिले जाते. निसर्गविज्ञानात ते पुरेसे ठरते. खगोलशास्त्रज्ञ काय मानतो यामुळे ग्रहाची कक्षा बदलत नाही. माणसाबद्दलचा सिद्धान्त मात्र माणसेच वाचतात आणि त्याप्रमाणे वागू लागतात. कोलकात्यात जन्मलेले व्यवस्थापनतज्ज्ञ सुमंत्र घोषाल यांनी हीच तक्रार केली होती. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. वाईट सिद्धान्त चांगल्या व्यवस्थापनाचा नाश करतात, कारण ते स्वतःला खरे करून घेतात, असा त्याचा रोख होता. फ्रँक, गिलोविच आणि रीगन यांच्या १९९३ च्या अभ्यासात, सहकार्य करायचे की दगा द्यायचा अशा खेळात अर्थशास्त्राचे विद्यार्थी इतरांपेक्षा अधिक वेळा दगा देताना आढळले. शिक्षणाने ते तसे होतात की तसेच लोक तिकडे वळतात, हा वाद अजून आहे. मॅकग्रेगरचा साहेब पाहिल्यावर पहिली शक्यता झटकून टाकता येत नाही.

नफ्याचा प्रश्नही इथेच येतो. कंपनीचे अधिकारी दुसऱ्यांचा पैसा सांभाळतात, तो दानधर्मात उधळण्याचा त्यांना अधिकार नाही, असे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९७० मध्ये मांडले. या युक्तिवादात तथ्य आहे. वारकरी परंपरेत सांगितले जाते की, सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवताना तुकोबांनी धाकट्या भावाचा अर्धा वाटा आधी बाजूला काढला. माफ करायचे ते आपले, दुसऱ्याचे नाही, हा वाण्याच्या घरातला चोख हिशेब त्यांनी विरक्तीतही सोडला नाही. पण त्याच हकिकतीत आणखी एक गोष्ट आहे. मालक आपल्या वाट्याचे काय करायचे ते ठरवू शकतो, आणि त्याला नेहमी जास्तच हवे असते असे नाही. मालकाने आपली संपत्ती समाजाचा विश्वस्त म्हणून सांभाळावी, ही गांधीजींची कल्पना मालकाच्या याच शक्यतेवर उभी आहे. ज्यांना गांधीजी आपला पाचवा मुलगा मानत, त्या वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या नावाने मुंबई विद्यापीठाची व्यवस्थापन संस्था १९६५ पासून चालते. भारतीय परंपरेने अर्थाला पुरुषार्थ मानले, कौटिल्याने तर धर्म आणि काम यांचे मूळ अर्थात आहे असे म्हटले. त्यामुळे पैसा कमावणे हीन आहे, असा सूर काढायला या परंपरेत आधार नाही. मात्र चारांतला एक पुरुषार्थ एकटाच शिकवायला घेतला की तो पुरुषार्थ राहत नाही.

व्यवसायनीती हा विषय अनेक अभ्यासक्रमांत पुढच्या एखाद्या सत्रात स्वतंत्रपणे येतो. तोवर माणसाचे चित्र मनात पक्के झालेले असते. हे चित्र आधीच तपासून पाहण्यासाठी वेगळा पेपर वाढवण्याची गरज नाही. मागणीचा वक्र काढण्यापूर्वी मिलची ताकीद वाचून दाखवावी, घसारा शिकवताना मशिनशेजारी उभ्या माणसाबद्दल विचारावे, आणि टेलर शिकवताना साडेसत्तेचाळीस टनांचा आकडा सांगणाऱ्या शिक्षकाने श्मिटच्या घराबद्दलही सांगावे. ते त्याच पुस्तकात, त्याच प्रसंगात लिहिलेले आहे.