नाव आधी, भाकर मागून



मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने शिष्यांस जी प्रार्थना शिकविली, तिचा क्रम आपण कधी न्याहाळिला आहे काय? रोजच्या भाकरीची मागणी तीत चौथी आहे. पित्याच्या नावाचे पावित्र्य, त्याचे राज्य व त्याची इच्छा ही तिन्ही तिच्या आधी येतात.

हा क्रम आम्हां वऱ्हाडकरांस कठीण वाटतो. १८९९-१९०० सालच्या दुष्काळात भाकरीसाठी या प्रांतातील किती कुटुंबे देशोधडीस लागली! आजही मृगाचा पाऊस ओढ देतो तेव्हा आमच्या मुखातून मागणे आधी निघते, स्तवन मागाहून. भुकेल्या लेकरांवर पिता रागावत नाही. तथापि तो पवित्र, न्यायी व दयाळू आहे हे आधी आठवले, म्हणजे कोरड्या शेतातही विश्वास टिकतो.

नाव पवित्र मानणे म्हणजे ते वारंवार उच्चारणे नव्हे. बापाच्या नावावर दुकानातून उधार आणून ती बुडविणारा मुलगाही बापाला बाप म्हणतोच. पण गावात त्याचे नाव घालवितो. आपण सकाळी देवाला पिता म्हणावे, आणि दुपारी अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात न्यावयाच्या कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवावे, तर शेजारी कोणाच्या नावास हसतील?

यास्तव गुडघे टेकताना प्रथम क्षणभर स्तब्ध राहून पित्याचे गुण आठवू या. मग भाकर मागू या. आणि उठल्यावर त्याच नावास शोभेल असे चालू या. आमेन.