पिल्लाचा विमा

घोड नदीवर डिंभे धरण झालं, कालवे निघाले आणि आंबेगाव तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात बाजरीच्या रानांतून ऊस उभा राहिला. वर्षभर उभ्या असलेल्या त्या गर्द पिकात बिबट्यानं बिऱ्हाड केलं. आता जुन्नर-आंबेगावात असे बिबटे आहेत, जे उसातच जन्मले आणि उसातच वाढले. पारगावच्या साखर कारखान्याकडे ट्रॅक्टर जातात त्या वाटेवरच्या एका मळ्यात ही गोष्ट घडली असं समजा.

मळ्यात आबा, आजी, मुलगा, सून आणि नात राहत. मुलगा चाकणला कंपनीत कामाला. एका रविवारी येताना त्यानं दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं. नातीनं त्याचं नाव मोती ठेवलं आणि तासाभरात ते साऱ्या घराचं झालं. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आबा, मोतीचा विमा काढतोय. मोबाईलवरच निघतो. पैसे घालून आणलाय, उद्या बिबट्यानं नेला तर?"

आबांना विम्याचं वावडं नव्हतं. गोठ्यातल्या दोन्ही गायींच्या कानांत विम्याचे बिल्ले होते. बिल्ला नसेल तर दावा नाही, हे शेजारपाजारच्या अनुभवावरून त्यांना पाठ होतं. २०२३ साली सरकारनं १ रुपयात पीकविमा आणला तेव्हा त्यांनीही रांगेत उभं राहून अर्ज भरला होता. म्हणून ते एवढंच म्हणाले, "काढ की. पण कशाला भरपाई मिळते अन् कशाला नाही, ते आधी वाचून दाखव."

मुलानं ते वाचलं नव्हतं. विमा घेणारे बहुतेक जण वाचत नाहीत. मग त्या रात्री सगळं घर त्या मोबाईलभोवती बसलं. शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात ठेवण्याचा खर्च एका भागात होता. कुत्रं कुणाला चावलं तर त्याची जबाबदारी दुसऱ्या भागात. मृत्यूची भरपाई तिसऱ्यात, तिचा हप्ता वेगळा. सुरुवातीचे काही दिवस आजाराला पैसे नाहीत. ज्या रोगाची लस असते, ती दिली नसेल तर त्या रोगाला पैसे नाहीत.

आजी बराच वेळ ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "मोती गेला तर पैसे कुणाला मिळणार?"

"आपल्याला."

"म्हणजे हा विमा आपल्या पैशाचा झाला. मोतीचं काय?"

मुलगा निरुत्तर झाला. सुनेनं मात्र सासूबाईंचा प्रश्न धरून ठेवला. दूध डेअरीच्या वहीचं कोरं पान काढून तिनं लिहायला घेतलं: मोतीला भय कशाकशाचं?

आजाराचं भय पहिलं, आणि त्याचा निकाल लवकर लागला. दुसऱ्या दिवशी आबा पिल्लाला पिशवीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस टोचली. सोळा आठवड्यांचा होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची आणि मग ती दरवर्षी, असं कार्डावर लिहून दिलं. जंताचं औषधही दिलं. "पार्व्होनं पिल्लू रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत जातं," डॉक्टर म्हणाले. "हे कार्ड सांभाळा. विमावाला मागेल, पण खरं ते मोतीसाठी आहे."

दुसरं भय रस्त्याचं. मळ्याच्या कडेनं उसाचे ट्रॅक्टर धावतात. पाय मोडला तर शस्त्रक्रियेचा खर्च घराच्या आवाक्याबाहेरचा. इथं विमा उपयोगी, हे सगळ्यांना पटलं.

तिसरं भय बिबट्याचं, आणि वहीचं पान त्यानंच भरलं. वनखात्याचा वनरक्षक वस्तीवर आला होता, त्याला आबांनी विचारलं. त्यानं जे सांगितलं ते या दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक घरानं ऐकायला हवं. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं. २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. भक्ष्याच्या एकूण वजनात ८७ टक्के वाटा माणसानं पाळलेल्या आणि माणसाच्या आसऱ्यानं राहणाऱ्या जनावरांचा निघाला, आणि त्यात सगळ्यांत मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा.

"गाय किंवा शेळी बिबट्यानं मारली तर शासन भरपाई देतं," वनरक्षक म्हणाला. "कुत्र्याची नाही. पण आबा, मला काळजी निराळी आहे. उघड्यावर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला अंगणात यायचं आवतण. तो कुत्र्यासाठी येतो, आणि त्याच अंगणात तुमची नात पहाटे उठून बाहेर येते."

आबांचा चेहरा उतरला. पिल्लाच्या किमतीचा हिशेब मांडताना घरातल्या लेकराचा विचार कुणाच्याच मनात आला नव्हता, आणि कुठल्याही पॉलिसीत ती ओळ असणार नव्हती.

त्या आठवड्यात गोठ्याला लागून विटांची खोली उभी राहिली. वर पत्रा, हवेसाठी जाड वेल्डमेश जाळी, लोखंडी दार आणि बाहेरून कडी. वर्षाच्या हप्त्यापेक्षा खर्च जास्त आला. मुलानं कुरकुर केली, "राखणीला आणलेलं कुत्रं रात्री कोंडून ठेवायचं?"

"आतून भुंकलं तरी ऐकू येतं," आबा म्हणाले.

दिवे लागले की मोती आत जाई. खोली झाली, पहिली लस झाली, आणि मग मुलानं विमा काढला: दवाखान्याचा आणि दुसऱ्याला चावल्याचा. मृत्यूच्या भरपाईचा भाग त्यानं सोडून दिला.

शेजारच्या मळ्यातल्या भाऊंनी मात्र त्यांच्या कुत्र्याचा सगळ्या भागांसकट विमा घेतला आणि निर्धास्त झाले. कुत्रं ओसरीच्या खांबाला साखळीनं बांधलेलं असे. साखळीतल्या कुत्र्याला पळताही येत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पुसात भोवतालच्या उसाची तोड झाली, रान मोकळं झालं आणि आसरा गेलेला बिबट्या वस्त्यांभोवती फिरू लागला. एका रात्री भाऊंच्या ओसरीवर तुटलेला पट्टा तेवढा राहिला. भाऊंनी कागदपत्रं जमवली, पंचनाम्यासाठी हेलपाटे घातले, आणि विमा कंपनीनं ठरल्याप्रमाणे पैसे दिले. कंपनीनं काही खोटं केलं नाही, हे इथं आवर्जून सांगायला हवं.

पण बिबट्या तिसऱ्या रात्री पुन्हा आला. जिथं भक्ष्य मिळालं, तिथं तो फिरून बघतो. ओसरीसमोरच्या धुळीत सकाळी पंजे उमटलेले होते. भाऊंच्या घरातल्या वहिनी धार काढायला अंधारातच उठत. त्या दिवशी त्यांनी उजाडेपर्यंत दाराची कडी काढली नाही. गायी हंबरत राहिल्या.

दुपारी भाऊ आबांकडे आले. कंपनीकडून आलेले पैसे त्यांच्या खिशात होते. "खोलीची मापं द्या," ते म्हणाले. आबांनी मापं दिली, उरलेली जाळी दिली आणि मुलाला हातोडी घेऊन सोबत धाडलं. विम्याच्या पैशातून पत्रे, विटा आणि दार आलं. आधी गोठ्याची उघडी बाजू जाळीनं बंद झाली, ओसरीसमोर दिवा लागला, मग खोलीचं काम निघालं.

दार बसवून झाल्यावर भाऊंचा धाकटा मुलगा विचारू लागला, नवीन पिल्लू कधी आणायचं?

वहिनी म्हणाल्या, "आणू. आधी आठ दिवस रोज दिवे लागताना हे दार लावायची सवय होऊ दे. कडी तू लावायचीस, अन् मी बघणार."