फुलराणी शेवटी कुणाबरोबर जाते?

बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चा पहिला प्रयोग १९१३ मध्ये व्हिएन्नात झाला, तोही जर्मन भाषेत. लंडनला ते नाटक एप्रिल १९१४ मध्ये आले. तिथे प्राध्यापक हिगिन्सची भूमिका करणारा हर्बर्ट बीरबोम ट्री त्या नाट्यगृहाचा कर्ताधर्ताही होता, आणि प्रेक्षकाला काय घेऊन घरी जायचे असते हे त्याला नेमके ठाऊक होते. हिगिन्सने पैजेखातर शुद्ध बोलायला शिकवलेली एलायझा शेवटी त्याला सोडून निघते, असे शॉने लिहिले होते. ट्रीने त्यात पदरची भर घातली. पडदा पडता पडता हिगिन्स तिच्याकडे फुले फेकू लागला. तेवढ्या इशाऱ्यावर प्रेक्षकांनी मनातल्या मनात दोघांचे लग्न लावून टाकले. शॉ भडकला. ट्रीचे म्हणणे असे की या शेवटावर गल्ला भरतो आहे, तेव्हा लेखकाने उलट आभारच मानावेत. अशा माणसाला गोळी घालायला हवी, हे शॉचे त्यावरचे उत्तर.

भांडण शेवटच्या अर्ध्या मिनिटाचे होते, पण ते अजून मिटलेले नाही. शिकून शहाणी होणाऱ्या बाईची विनोदी प्रेमकथा शंभराहून अधिक वर्षे सांगितली जाते आहे. नाटक, संगीतिका, सिनेमा आणि सिनेमाचा रिमेक, सगळे झाले. दर वेळी सांगणाऱ्याची गाडी याच वळणावर अडते. मुलीला शिकवले, ठीक. तिला स्वतःची किंमत कळली, छान. आता ती जाणार कुणाबरोबर? या प्रश्नाला जे उत्तर मिळते त्यावरून त्या त्या काळाला बाईचे शिक्षण कशासाठी हवे होते ते ओळखू येते, असे मला वाटते.

शॉचे स्वतःचे उत्तर त्याच्या नाटकातल्या एका जागेत दडलेले आहे, आणि गंमत म्हणजे तिथे शिक्षणाचा संबंधच नाही. आपल्या स्वाभिमानाची सुरुवात कुठून झाली हे एलायझा शेवटच्या अंकात सांगते. हिगिन्सने महिनोन्महिने घोटून घेतलेल्या उच्चारांना ती त्याचे श्रेय देत नाही. ती ते हिगिन्सच्या मित्राला, कर्नल पिकरिंगला, देते, कारण ती पहिल्यांदा हिगिन्सच्या घरात आली तेव्हा, अंगावर मळके कपडे असताना, त्याने तिला 'मिस डूलिटल' म्हणून हाक मारली होती. उच्चार तिला कुणीही शिकवला असता. माणूस म्हणून वागवणारा एकच निघाला. त्याच अंकात ती दुसराही डाव टाकते. तुम्ही दिलेली विद्या आता परत घेता येणार नाही, मी स्वतः शिकवण्या घेईन, तुमच्या प्रतिस्पर्ध्याकडे काम धरीन, असे ती सुनावते. हिगिन्स आधी तिच्या अंगावर धावून जातो आणि लगेच खूश होतो. हा त्याचा खूश होण्याचा क्षण शॉने मोठ्या खुबीने लिहिला आहे. आपल्या हातची वस्तू उलटून बोलली याचाही मान तो स्वतःकडेच घेतो.

तरी लोकांना लग्न हवेच होते. म्हणून १९१६ मध्ये शॉने नाटकाला लांबलचक गद्य पुस्ती जोडली. एलायझा तिच्यावर भाळलेल्या भोळसट फ्रेडीशी लग्न करते, फुलांचे दुकान काढते, हिशेब जमेना म्हणून दोघे वर्गात जाऊन बसतात, अशी सगळी रुक्ष हकिकत. कथा म्हणून ती फिकी आहे. पण शिकलेल्या बाईने पुढे पोट कसे भरायचे, हा प्रश्न त्या परंपरेत इतक्या गांभीर्याने कुणी विचारलाच नव्हता. त्याचा उपयोग मात्र झाला नाही. १९३८ च्या चित्रपटात एलायझा हिगिन्सकडे परत आली, आणि त्याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉच्या नावाने ऑस्कर लागले. १९५६ मध्ये ब्रॉडवेवर याच नाटकाची संगीतिका 'माय फेअर लेडी' आली, १९६४ मध्ये तिचा सिनेमा. त्यातही ती परतते आणि हिगिन्स खुर्चीत बसल्या बसल्या आपल्या सपाता कुठे आहेत ते विचारतो. सिनेमाला आठ ऑस्कर मिळाली. एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. त्यात एलायझा झालेल्या ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनच्या आवाजात आहेत. मुलीला स्वतःचा आवाज सापडतो अशी गोष्ट, आणि नायिकेचा आवाजच बदललेला. हे कुणी मुद्दाम लिहिले असते तर अतिशयोक्ती वाटली असती.

'माय फेअर लेडी'चा दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर. त्यानेच चौदा वर्षे आधी, १९५० मध्ये, 'बॉर्न यस्टरडे' केला होता. मला विचाराल तर या सगळ्या घराण्यातली सर्वांत हुशार गोष्ट ती आहे.

मूळ नाटक गार्सन केनिनचे, १९४६ चे. हॅरी ब्रॉक हा भंगारातून गडगंज झालेला अडदांड माणूस अमेरिकी काँग्रेसमधला एक सदस्य खिशात घालायला वॉशिंग्टनला येतो. बरोबर बिली डॉन, कोरसमध्ये नाचणारी त्याची जुनी मैत्रीण. चारचौघांत ती तोंड उघडते आणि ब्रॉकला मेल्याहून मेल्यासारखे होते. म्हणून तो पॉल नावाच्या पत्रकाराला पगारी शिकवणीला ठेवतो. इथवर सगळे हिगिन्सच्या घरातलेच. पण केनिनने एक पाचर मारून ठेवली आहे. ब्रॉकने कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी आपल्या कंपन्या बिलीच्या नावावर केलेल्या असतात. वकील कागद पुढे सरकवतो, ती सही करते. इतकी वर्षे तिने एकही कागद वाचलेला नाही. मग ती वर्तमानपत्र वाचू लागते, अडलेला शब्द कोशात पाहते, जेफरसनच्या स्मारकापाशी जाते, राज्यघटना पाहून येते. आणि पुढच्या वेळी कागद समोर आला की साधा प्रश्न विचारते: यात लिहिलंय काय?

एलायझाच्या शिक्षणाने तिचे बोलणे बदलले, बिलीच्या शिक्षणाने तिची सही बदलली. मला हा फरक फार मोठा वाटतो. बोलणे सुधारले की लोक आपल्याला आत घेतात, पण दार उघडणारे तेच राहतात. सही आपली आहे हे कळले की दाराची किल्ली आपल्याकडेच होती हे लक्षात येते. ब्रॉक तिला मारतो आणि सही करायला लावतो. या विनोदी सिनेमातली ती चापट आजही अंगावर येते, कारण तिथे प्रेमकथा क्षणभर थांबते आणि बाईच्या नावावर मालमत्ता ठेवून तिला अडाणी ठेवण्याचा सगळा व्यवहार उघडा पडतो. शेवटी बिली पॉलबरोबर जाते, म्हणजे शिक्षकाशी लग्न इथेही आहेच. पण जाताना ती ब्रॉकला बजावते की तुझ्या कंपन्या मी तुला परत देईन, एकेक करून, तू नीट वागलास तर. लग्न कुणाशी झाले याला इथे फारसे महत्त्व उरत नाही. कागद कुणाकडे आहेत ते महत्त्वाचे.

बिलीची भूमिका करणाऱ्या ज्युडी हॉलिडेने पत्त्यांच्या प्रवेशात तर कमाल केली आहे. ती आणि ब्रॉक रमी खेळत बसलेत, बराच वेळ कुणी बोलत नाही, ती गुणगुणत फटाफट पाने लावते आणि त्याला डावामागून डाव हरवते. बाई मठ्ठ नाही, हे प्रेक्षकाला शिकवणी सुरू होण्याआधीच कळते. तिची बुद्धी वापरण्याची वेळच कुणी येऊ दिली नव्हती. या भूमिकेसाठी तिने बेटी डेव्हिस आणि ग्लोरिया स्वॉन्सन यांना मागे टाकून ऑस्कर घेतले. पुढे १९५२ मध्ये कम्युनिस्टांच्या शोधात असलेल्या सिनेटच्या उपसमितीने तिला चौकशीला बोलावले, तेव्हा या अतिशय हुशार बाईने समितीसमोर चक्क बिलीचा बावळटपणा पांघरला आणि कुणाचेही नाव न घेता ती बाहेर आली.

१९९३ मध्ये याच सिनेमाचा रिमेक निघाला. दिग्दर्शक लुईस मंडोकी, बिली झाली मेलनी ग्रिफिथ, पॉल तिचा तेव्हाचा नवरा डॉन जॉन्सन, ब्रॉक जॉन गुडमन. मेलनी ग्रिफिथची निवड चुकीची म्हणता येणार नाही. पाच वर्षांपूर्वी 'वर्किंग गर्ल'मध्ये रात्रीच्या वर्गांना जाऊन शिकलेली, उच्चारांपायी हिणवली जाणारी सेक्रेटरी तिने उत्तम केली होती. तरी रिमेक आपटला. त्यात एक प्रवेश आहे. बड्या लोकांच्या मेजवानीत बिली घटनेतल्या दुरुस्त्या नाताळच्या एका गाण्याच्या चालीवर म्हणून दाखवते आणि मंडळी तिच्यात सूर मिसळतात. हसू येते, प्रवेश रंगतोही. पण घटना इथे पाहुण्यांसमोर करून दाखवायची करामत झाली. १९५० ची बिली ती स्वतःसाठी वाचत होती. मधल्या चाळीस वर्षांत अमेरिकेतल्या बायका विद्यापीठांत, कचेऱ्यांत, न्यायालयांत पोचल्या होत्या. अशा वेळी बाईला राज्यघटना समजावून सांगायला एक देखणा पत्रकार लागतो, ही गोष्ट जशीच्या तशी उचलून आणली तर ती जुनी दिसणारच. मूळ सिनेमातला राग या रिमेकमध्ये आला नाही, नुसता गोडवा आला.

मराठीला ही गोष्ट परकी नाही. 'पिग्मॅलियन'वर बेतलेले पु. ल. देशपांड्यांचे 'ती फुलराणी' १९७५ चे. भक्ती बर्वेंची मंजुळा आणि सतीश दुभाषींचा प्राध्यापक ज्यांनी पाहिला ते आजही त्याबद्दल भरभरून बोलतात. गुजराती रंगभूमीवर मधू राय यांची 'संतू रंगीली' सरिता जोशींनी गाजवली होती. लंडनमध्ये बोलीवरून माणसाचा वर्ग कळतो. आपल्याकडे वर्गाबरोबर जातही कळते, आणि 'शुद्ध' मराठी म्हणजे कुणाच्या घरातली मराठी, हा प्रश्न त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतो. नाटकाने तो हसत हसत बाजूला ठेवला. तरी मंजुळाच्या त्या प्रसिद्ध स्वगताला टाळ्या पडतात त्या तिच्या मूळच्या बोलीला, प्राध्यापकाने शिकवलेल्या मराठीला नाही. प्रेक्षक तिच्या बाजूने आहे, आणि ती बदलण्याआधीपासून आहे.

बाईला शिकवणारा पुरुष तर आपल्या घरात नाटकाच्या कितीतरी आधी येऊन बसला होता. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकवले. त्यापायी घरातल्या बायकांकडून काय काय ऐकून घ्यावे लागले ते रमाबाईंनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. गोपाळराव जोशींनी आनंदीबाईंना शिकवले, अभ्यास केला नाही म्हणून मारलेही. १८८६ मध्ये आनंदीबाई फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, एकविसाव्या वर्षी, गेल्या. हिगिन्सच्या चिडखोरपणावर आपण पोट धरून हसतो तेव्हा गोपाळराव आठवले की ते हसू जरा आखडते. विनोदी प्रेमकथेत शिकणाऱ्या बाईला शेजारपाजार नसतो, सासू नसते, ओल्या सरपणाची चूल नसते. या गोष्टी आत घेतल्या तर ती विनोदी राहत नाही, एवढे मात्र मान्य करायला हवे.

त्या आत घेऊनही विनोद टिकवला तो विली रसेलने. 'एज्युकेटिंग रिटा' हे त्याचे १९८० चे नाटक, १९८३ चा सिनेमा. रिटा केशकर्तनालयात काम करते आणि ओपन युनिव्हर्सिटीत नाव घालते. रसेल स्वतः पूर्वी हेच काम करत होता, म्हणून त्या दुकानातल्या गप्पांना खरा वास आहे. नवऱ्याला मूल हवे आहे, तिला आधी शिकायचे आहे, आणि तो तिची पुस्तके जाळतो. इथे शिकवणीचा निर्णय कुणा पुरुषाने पैजेखातर घेतलेला नाही. ती स्वतः दार ढकलून आत आली आहे. तिचा प्राध्यापक दारुडा आहे, स्वतःच्या विद्येवरचा त्याचा विश्वास उडाला आहे, आणि ती त्याच्यासारखी बोलू लागते तेव्हा त्याला वाईट वाटते. शिकून ती काय गमावते आहे हे त्याला दिसते. तिला मात्र ते गमावण्याचा हक्कही स्वतःकडे हवा आहे. शेवटी ती कुणाबरोबरच जात नाही. पुढे काय करायचे ते ती ठरवेल, आणि ठरवता येणे हीच तिची कमाई आहे.

२०१२ चा 'इंग्लिश विंग्लिश' या ओळीत सहसा कुणी बसवत नाही, पण तो तिथलाच आहे. दिग्दर्शिका गौरी शिंदे पुण्याच्या, आणि लोणच्यांचा व्यवसाय करणाऱ्या त्यांच्या आईवरून ही कथा सुचली. शशी गोडबोले लाडू करून विकते, स्वतःचे पैसे मिळवते, तरी इंग्रजी येत नाही म्हणून नवरा आणि मुलगी तिची टर उडवतात. म्हणजे कौशल्य आहे, कमाई आहे, घर आहे, फक्त मान नाही. ती इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागते, आणि तिथला फ्रेंच सोबती तिच्या प्रेमात पडतो. तिला ते आवडते आणि ती त्याला नाही म्हणते. तिला प्रेमाची गरज नाही, थोड्या आदराची आहे, हे ती बहिणीच्या मुलीला स्वच्छ सांगते. सिनेमा नवऱ्याला फार स्वस्तात सोडतो, ही माझी तक्रार कायम आहे. पण शिक्षक आणि प्रियकर हे दोन वेगळे पुरुष केल्याबरोबर गोष्टीतली जुनी गाठ किती सहज सुटली, ते पाहण्यासारखे आहे. एलायझाच्या 'मिस डूलिटल'पाशी शशी शंभर वर्षांनी परत आली, फक्त ती हाक मारायला तिला कुणी कर्नल लागला नाही. वर्गाची फी तिने लाडवांच्या पैशांतून भरली होती.

'माय फेअर लेडी'लाही उशिरा का होईना शहाणपण सुचले. २०१८ च्या न्यूयॉर्कच्या प्रयोगात दिग्दर्शक बार्टलेट शेरने एलायझाला रंगमंचावरून खाली उतरवून प्रेक्षकांतून बाहेर काढले. संवाद तेच होते, फक्त ती थांबली नाही.

मराठीत २०२३ मध्ये 'फुलराणी' याच नावाने सिनेमा आला, आणि ही गोष्ट अशी आहे की पुढेही येतच राहतील. ते करणाऱ्यांना एक विनंती. शेवटी दोघांचे लग्न लावायचे असेल तर खुशाल लावा, अक्षता टाकायला प्रेक्षक तयारच असतो. फक्त त्याआधी तिच्या हातात एखादा सही करायचा कागद द्या, आणि तो वाचायला तिला पुरेसा वेळ द्या.