पाहण्याची किंमत

आमच्या घरी जमाखर्चाची वही लिहिण्याची रीत वडिलांपासून चालत आली आहे. दूध, वाणसामान, औषधे, मुलांची फी, रविवारच्या मिस्सेतील दान, सारे काही तारखेनिशी त्या वहीत उतरते. नोकरीच्या निमित्ताने आम्ही कडेगावी येऊन स्थिरावलो, त्यानंतरही ही सवय सुटली नाही. गेल्या हिवाळ्यातील एका रविवारचे पान मात्र आम्ही पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. पुण्यात भरलेले जुन्या मोटारींचे एक मोठे प्रदर्शन पाहावयास आम्ही उभयता आणि दोन्ही मुले गेलो होतो. त्या दिवसाची नोंद अशी आहे : भाड्याची गाडी, डिझेलसह ६,००० रुपये, जाता-येता टोल ६००, प्रवेशपत्रिका चार, प्रत्येकी ७५० प्रमाणे ३,०००, गाडी उभी करण्याचे १००, खाणेपिणे १,१००, धाकट्यासाठी खेळण्यातील मोटार ६००. एकूण ११,४०० रुपये.

बेरीज बरोबर आहे. तरीही नोंद पुरी नाही, असे आम्हांला सतत वाटत आले आहे. काय लिहावयाचे राहिले, याचा शोध घेण्यासाठी हा लेखनप्रपंच.

धाकटा आठवीत आहे. मोटारींचे वेड त्याला कोल्हापूरच्या दसऱ्यापासून लागले. तेथील दसऱ्याच्या शाही सोहळ्यात छत्रपती घराण्याची १९३६ सालची मेबॅक मोटार दसरा चौकात येते, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. वडिलांच्या खांद्यावर बसलेली मुले, ऊस तोडून आलेली माणसे, दुकानदार, विद्यार्थी, सारेच ती लांबलचक, तकतकीत गाडी डोळे भरून पाहतात. त्यासाठी कुणाला तिकीट काढावे लागत नाही. गर्दीत उभे राहून त्याने ती गाडी एकदा पाहिली आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांतील चित्रे कापून तो वहीत चिकटवू लागला. अशा मुलाने ‘पुण्याला जाऊ या’ म्हणून महिनाभर घोष लावला, तर नाही म्हणणे कोणत्या आईबापांना जमेल?

कडेगावाहून कऱ्हाड आणि तेथून महामार्गाने पुणे. वाटेत तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे तीन टोलनाके. आम्ही पहाटे निघालो आणि दहाच्या सुमारास प्रदर्शनाच्या मैदानावर पोहोचलो. पाहिले ते खरोखर पाहण्यासारखे होते, हे प्रथम सांगितले पाहिजे. लाकडी आऱ्यांची चाके, पितळी दिवे, दाराखालची पायरी, पुढच्या बाजूस हँडल फिरवून सुरू करावयाची इंजिने. त्या हँडलचा उलटा झटका बसून मनगटे मोडत असत. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला विजेवर चालणारा स्टार्टर बसविण्यात आला, तेव्हापासून हा त्रास हळूहळू संपला. ही हकीकत आम्हांला तेथील एका वयस्क मेकॅनिकने सांगितली. हातावर ग्रीसचे डाग असलेल्या त्या गृहस्थांनी आमच्या मुलाला वाकून पाहावयास लावले, एकेका भागाचे नाव सांगितले आणि मिळत नाही तो भाग हाताने कसा घडवावा लागतो, हेही समजाविले. आम्ही दिलेल्या पैशांतील सर्वांत सार्थ वाटा कोणता, असे कुणी विचारले, तर ती पंधरा मिनिटे, असे आम्ही सांगू.

आता राहिलेली गोष्ट. आमच्याकडे धुणीभांडी करावयास एक मावशी येतात. सकाळी दोन-तीन घरची कामे उरकून त्या भांगलणीला जातात. तेथे तीनशे रुपये हजेरी मिळते. त्यांचा मुलगा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकतो. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात त्या ओट्याशी थांबून म्हणाल्या, “सर, पोराच्या वसतिगृहाचं चार हजार थकल्यात. दोन म्हैन्यात फेडते.” आम्ही म्हणालो, “या महिन्यात जरा ओढाताण आहे, मावशी. पुढच्या महिन्यात पाहू.” त्या वेळी चारही प्रवेशपत्रिका टेबलाच्या खणात होत्या.

पुण्याहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी धाकटा त्यांना एकेका गाडीचे वर्णन ऐकवीत होता. त्याही भांडी घासता घासता कौतुकाने ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारले, “आन् तिकीट किती हुतं रं?” मुलाने तोंड उघडले, तोच आम्ही आतून म्हणालो, “असेल शंभर-दीडशे.” मुलाने आमच्याकडे पाहिले आणि तो गप्प बसला.

वहीत नोंद करावयाची राहिली आहे, ती ही.

येथे एक जुना आक्षेप आडवा येतो. जगात गरजू माणसे आहेत म्हणून मनुष्याने सुंदर वस्तू पाहूच नयेत काय? उत्सव, पुस्तक, सहल, संगीत, सगळ्यांवर काट मारावी काय? हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बेथानी येथे मरियेने प्रभूच्या चरणांना अतिमोल सुगंधी तेल लावले, तेव्हा ते तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे यहूदाने विचारले होते. दिनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे हा जवळजवळ वर्षभराच्या मजुरीचा प्रश्न होता. प्रभूने मरियेची बाजू घेतली. या प्रसंगाचा आधार घेऊन आपण आपल्या पुष्कळ खर्चांचे समर्थन करतो. आम्हीही मनातल्या मनात केले. पण जरा थांबून पाहिले, तर समर्थन निसटते. मरियेने ते तेल दुसऱ्यासाठी ओतले आणि सर्वांदेखत ओतले. त्याचा सुगंध घरभर पसरला, असे योहान सांगतो. आम्ही आमचा खर्च आमच्यासाठी केला आणि वर तो झाकला. मावशींच्या हजेरीने मोजला, तर तो अडतीस दिवसांच्या राबण्याइतका होता.

दुसरे समर्थन असे की, अशा प्रदर्शनांतून सत्कार्यही घडते. हे खरे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५० पासून जुन्या मोटारींचा जगप्रसिद्ध मेळावा भरतो. त्याचे एका दिवसाचे प्रवेशमूल्य अलीकडे चारशे डॉलरांच्याही पुढे गेले आहे. तेथून धर्मादाय कार्यांसाठी मोठा निधीही उभा राहतो. जुन्या वस्तू जपण्याला पैसा लागतो, कारागिरांचे हात लागतात, हेही मान्य. आपल्या सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठेवले आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणावी, नेहमीच्या वाहतुकीसाठी नव्हे, असे ठरविले. म्हणजे ही गाडी आता केवळ पाहण्यासाठी उरली, हे कायद्यानेच मान्य केले. पण आयोजक काय करतात, हा आमचा प्रश्न नाही. जाणारा काय करतो, हा आहे. दुसऱ्याच्या दानाने आपल्या असत्याची भरपाई होत नाही.

त्या मैदानावर फोर्डची ‘टी’ मॉडेलची गाडीही होती. १९०८ मध्ये ती बाजारात आली, तेव्हा तिची किंमत साडेआठशे डॉलर होती. १९२५ च्या सुमारास ती २६० डॉलरपर्यंत उतरली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. सामान्य माणसालाही घेता यावी, म्हणून जी गाडी स्वस्त केली गेली, तीच आज दोरीच्या पलीकडे उभी होती आणि तिला पाहण्यासाठी साडेसातशे रुपये मोजावे लागत होते. वस्तू तीच, तिच्याभोवतीचे कुंपण नवे.

आमच्या कडेगावाला मात्र पाहण्याची दुसरीही एक रीत माहीत आहे. येथील मोहरमचे गगनचुंबी ताबूत दूरदूरचे लोक पाहावयास येतात. बांबूंचा सांगाडा उभारून, कागदाने सजवून केलेले हे ताबूत शंभर फुटांच्याही वर जातात. हिंदू आणि मुसलमान दोघेही त्यांसाठी राबतात, दोघेही ते उचलतात आणि त्यांच्या भेटींचा सोहळा होतो. खर्च येथेही होतो, श्रम तर अपार होतात, आणि इतके करून जे उभे राहते ते टिकविण्यासाठी नसतेच. पण तो खर्च कुणापासून लपविलेला नसतो. कुणी किती वर्गणी दिली, कुणी किती रात्री जागविल्या, हे सर्वांना ठाऊक असते. ज्याच्या खिशात काहीच नाही, तोही खांदा देतो आणि मालकासारखा मान वर करून पाहतो.

दुसरे उदाहरण आमच्याच तालुक्यातील देवराष्ट्रे गावचे. यशवंतराव चव्हाणांचे हे जन्मगाव. तेथील एका लोहार कारागिराने २०२१ साली भंगारातील सुटे भाग जमवून आपल्या मुलासाठी छोटीशी जीप तयार केली; पायाने किक मारून ती सुरू होत असे. सुमारे साठ हजार रुपये खर्च आल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी २०२२ च्या जानेवारीत त्या गाडीच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. त्या बापाला साठ हजार थोडे नव्हते. मुलाच्या हौसेपायी त्याने आमच्याहून अधिक पैसे घातले. पण तो खर्च गल्लीत, लोकांच्या डोळ्यांसमोर, हातोडीच्या आवाजासह झाला. त्याला कुणाला किंमत कमी करून सांगण्याची गरज पडली नसावी, असे आम्हांला वाटते.

यावरून आमच्या मनात एक कसोटी तयार झाली आहे. कोणत्याही हौसेचा खर्च योग्य की अयोग्य, हे रकमेवरून ठरत नाही. ज्याला आपण नुकतेच ‘नाही’ म्हटले, त्याच्यासमोर ती रक्कम मोठ्याने उच्चारता येईल का, एवढेच पाहावे. कुणी म्हणेल, मग प्रत्येक खर्चाला शेजाऱ्याची परवानगी घ्यावयाची काय? तसे नाही. मावशींनी आमच्या सहलीला मान्यता द्यावी, अशी अपेक्षाच नव्हती. ‘साडेसातशे रुपये होते, मावशी, पोराची फार इच्छा होती,’ असे सांगितले असते, तर त्यांना ते समजले असते. त्याही आपल्या गावच्या जत्रेला ऐपतीबाहेर खर्च करतात. लेकराचा हट्ट म्हणजे काय, हे त्यांना आमच्याइतकेच कळते. आम्हांला सांगता आले नाही, कारण आधीच ‘ओढाताण आहे’ असे सांगून बसलो होतो. तिकिटाविषयीचे असत्य हे त्या पहिल्या असत्याच्या राखणीला ठेवलेले होते. ‘पैसे आहेत, पण ते मी मुलाच्या हौसेसाठी ठेवले आहेत,’ हे वाक्य कठोर आहे; पण ते सत्य आहे. ते उच्चारण्याची वेळ आली असती, तर कदाचित आम्हीच विचार बदलला असता. सत्य बोलण्याचा हा एक उपयोग आहे : ते आधी बोलणाऱ्याला ऐकू येते.

काही आठवड्यांनी धीर करून आम्ही मावशींना म्हणालो, “मावशी, त्या वेळी तिकीट साडेसातशेचं होतं. आणि त्या महिन्यात आमच्याजवळ पैसे होते.” त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्या म्हणाल्या, “म्हाईत हुतं, सर. तिकिटाचा कागद केरात घावला हुता.” आम्ही चार हजारांचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “आता भागलं बगा. बचत गटातनं उचलल्यात.” त्यावरील व्याज तरी आम्हांला देऊ द्या, असे आम्ही सुचविले, त्यांनी नुसती मान हलविली. पुढे त्या रोजच्यासारख्याच येत राहिल्या. पैसे मात्र त्यांनी आमच्याकडे पुन्हा कधी मागितले नाहीत.

धाकटा त्या वेळी दारात उभा होता. त्याला आम्ही मुद्दामच आत पाठविले नाही. ज्याच्यासमोर खोटे बोललो, त्याच्यासमोरच ते मागे घेणे भाग होते.

पुढल्या खेपेस कुठे जावयाचे झाले, तर खर्चाची बेरीज घरातल्या सर्वांसमोर आणि मावशी कामावर असताना मोठ्याने करावयाची, असे आम्ही ठरविले आहे. एखादे वेळी त्यामुळे जाणे रद्द होईल. झाले तर होवो. दसऱ्याला कोल्हापूरची मेबॅक आहेच.