तुझ्या वहीतले सौदे

प्रिय नातीस,


तुझी वही चार दिवस माझ्या टेबलावर आहे. निळ्या शाईत तू मांडलेले बास्केटबॉलचे सौदे आणि समासात लाल शाईत तुझ्या मित्राच्या हरकती, सगळं दोनदा वाचलं. तुझी आई म्हणते की परीक्षा तोंडावर असताना पोरगी अमेरिकेतल्या संघांचे खेळाडू इकडून तिकडे हलवत बसते. मी तिला सांगितलं की ही वही टाकाऊ नाही. आता तुला सांगतो की ती अजून पुरीही नाही.

नवव्या पानावर तू सॅक्रामेंटो किंग्जचे दोन राखीव खेळाडू देऊन समोरच्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू घेतला आहेस. तिथे तुझ्या मित्राने दोनच शब्द लिहिलेत : ‘का देतील?’ मला विचारशील तर अख्ख्या वहीतली सर्वांत मोलाची ओळ तीच. पंधराव्या पानावर तू सलग चार वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी, म्हणजे दर वर्षी नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, देऊन टाकल्या आहेस. ते तर नियमातच बसत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पुढच्या वर्षांच्या निवडी अशा काही उधळल्या, की एनबीए या संघटनेला नियमच करावा लागला : पुढच्या लागोपाठच्या दोन वर्षांत संघाकडे पहिल्या फेरीची एकही निवड उरणार नाही, असा सौदा करायचा नाही. तो नियम आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २०१३मध्ये ब्रुकलिनने गार्नेट आणि पिअर्स हे खेळाडू मिळवण्यासाठी बोस्टनला २०१४, २०१६ आणि २०१८च्या निवडी दिल्या आणि २०१७साठी फक्त अदलाबदलीचा हक्क दिला. एक वर्षाआड का, ते आता तुझ्या लक्षात येईल. त्यातूनच पुढे बोस्टनला जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले आणि २०२४चं विजेतेपदही.

संघाच्या एकूण पगाराच्या मर्यादेवर तुझा राग आहे. ‘ही कॅप नसती तर किती मजा आली असती!’ असं तू मलपृष्ठावर लिहून ठेवलंयस. इथे मी तुझ्याशी भांडणार आहे.

आयपीएलचा लिलाव तुला पाठ आहे. तिथे प्रत्येक संघाच्या थैलीत ठरलेले पैसे असतात. २०२५च्या मोठ्या लिलावाआधी ते १२० कोटी रुपये होते. थैली संपली की हात खाली. एनबीएमध्ये लिलाव नसतो. खेळाडू करार करतो, आणि संघाने त्याला दुसरीकडे धाडलं तर तो करार जसाच्या तसा त्याच्याबरोबर जातो. मर्यादाही लवचीक आहे. आजच्या स्वरूपात ती १९८४-८५च्या मोसमात आली तेव्हा ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६साठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलरच्या वर आहे. स्वतःकडचा जुना खेळाडू राखण्यासाठी ती ओलांडता येते. त्या सवलतीला बोस्टनच्या लॅरी बर्डचं नाव आहे. पण मर्यादा ओलांडलेल्या संघाला बाहेरचा मोठा खेळाडू हवा असेल, तर नुसते पैसे मोजून भागत नाही. पगाराच्या बदल्यात पगार द्यावा लागतो आणि तराजूची पारडी जवळपास सारखी करावी लागतात.

या तराजूची एक गोष्ट मला फार आवडते. फेब्रुवारी २००८मध्ये डॅलसला न्यू जर्सीचा जेसन किड हवा होता. सौदा ठरत आला होता. त्यात डेव्हियन जॉर्ज नावाचा एक राखीव खेळाडूही जायचा होता. त्याचा करार एका वर्षाचा होता आणि संघ बदलला तर पुढच्या कराराचे काही हक्क तो गमावणार होता. अशा खेळाडूला नियमाने नकाराचा अधिकार दिलेला आहे. त्याने नकार दिला आणि सौदा अडला. मग डॅलसने कीथ व्हॅन हॉर्नला बोलावलं. हा गडी २००६नंतर एकही सामना खेळला नव्हता, पण त्याच्याशी करार करण्याचा हक्क अजून डॅलसकडे होता. पारडं भरेल एवढ्या पगारावर त्याच्याशी करार केला आणि त्याच दमात त्याला न्यू जर्सीला धाडलं. न्यू जर्सीसाठी तो एक मिनिटही खेळला नाही. किड मात्र डॅलसला आला आणि २०११मध्ये तो संघ विजेता ठरला. ही गोष्ट वाचल्यापासून पगारांचा तक्ता मी बँकेतल्या माझ्या जुन्या खतावणीइतकाच आवडीने वाचतो.

आता ही मर्यादा उठवली आहे असं समज. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस यांच्याकडे पैसा आहे, हवा आहे, झगमगाट आहे. मग सॅक्रामेंटो, इंडियानापोलिस, ओक्लाहोमा सिटी या गावांकडे कोण वळेल? तुझी वही दोन पानांत संपली असती. नियम आहेत म्हणून डोकं लढवावं लागतं, आणि समोरच्याला काय हवंय, काय अडतंय, याचा विचार करावा लागतो.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती कटू आहे. अलीकडे मर्यादेच्या कितीतरी वर आणखी एक रेघ आखली गेली आहे. तिला दुसरं एप्रन म्हणतात. २०२५-२६साठी ती २० कोटी ७८ लाख डॉलरच्या आसपास आहे. ती ओलांडणाऱ्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. वहीतले तुझे निम्मे सौदे याच दगडावर आपटतात. २०२४चा विजेता बोस्टन एका वर्षात या रेघेखाली यायला निघाला आणि त्यासाठी त्याने ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना सोडलं. जमून आलेला संघ केवळ हिशेबापायी विस्कटावा, हे मला पटत नाही. तरी मर्यादा असावी या बाजूला मी आहे. ही नवी रेघ फार कडक झाली आहे, इतकंच माझं म्हणणं.

आणि आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ‘किंग्जनी हॅलिबर्टनला का दिलं? ते मूर्ख होते का?’

वरळीची ती संध्याकाळ आठवते? ५ ऑक्टोबर २०१९. एनएससीआय डोममध्ये तू माझ्या शेजारी उभी राहून ओरडत होतीस. तू दहा वर्षांची होतीस. किंग्ज इंडियाना पेसर्सकडून १३० विरुद्ध १०६ असे हरले. आदल्या दिवशीही जादा वेळेत एका गुणाने हरले होते. तरी तू किंग्जचीच झालीस, कारण संघाचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आपल्यातले. त्या मुक्कामात डोमँटस साबोनिस पेसर्सच्या संघातून आला होता आणि बडी हील्ड किंग्जच्या. त्याच महिन्यात दोघांनी आपापल्या संघांशी चार-चार वर्षांचे मोठे करार केले. अडीच वर्षंही झाली नव्हती तेव्हा, ८ फेब्रुवारी २०२२ला, दोघं एकाच सौद्यात एकमेकांच्या संघात गेले. साबोनिस सॅक्रामेंटोला, हील्ड इंडियानाला, आणि हील्डबरोबर एकवीस वर्षांचा टायरिस हॅलिबर्टन.

हील्ड त्यात का होता, हे तू कुठेच विचारलेलं नाहीस. हॅलिबर्टन नवखा होता, त्याचा पगार चाळीस लाख डॉलरच्या आसपास. साबोनिसचा त्याच्या चौपटीहून जास्त. एकास एक बदल तराजूत बसणारच नव्हता. हील्डचा दोन कोटींवरचा पगार पारड्यात पडला आणि सौदा उभा राहिला.

आता किंग्जच्या खुर्चीत बस. २००६नंतर प्लेऑफ नाही. हातात डिआरन फॉक्स आहे, त्याला पाच वर्षांचा मोठा करार आधीच दिलेला. हॅलिबर्टनही चेंडू हातात घेऊन खेळ रचणारा. दोघांना एकच चेंडू. उंच, पास देणारा, रिबाउंड घेणारा माणूस संघात नाही. साबोनिस आला आणि २०२३मध्ये किंग्जनी ४८ सामने जिंकले, पश्चिम विभागात तिसरे आले, सोळा मोसमांचा दुष्काळ संपला. पहिल्याच फेरीत सातव्या सामन्यात स्टीफन करीने ५० गुण करून त्यांना बाहेर काढलं. तू त्या रात्री जेवली नव्हतीस. मग फेब्रुवारी २०२५मध्ये फॉक्सही सॅन अँटोनिओला गेला. ज्याच्यासाठी हॅलिबर्टनला दिलं, तोही राहिला नाही. आणि हॅलिबर्टनने त्याच वर्षी इंडियानाला अंतिम मालिकेत नेलं आणि पहिला सामना ०.३ सेकंद शिल्लक असताना टाकलेल्या बास्केटने जिंकून दिला.

तुला हे सगळं ठाऊक आहे. तुला कदाचित ठाऊक नसेल तो धागा इथून मागे जातो. साबोनिस इंडियानाला कसा आला? २०१७मध्ये इंडियानाने आपला सर्वांत मोठा खेळाडू पॉल जॉर्ज ओक्लाहोमा सिटीला दिला आणि बदल्यात व्हिक्टर ओलाडिपो आणि एकवीस वर्षांचा साबोनिस घेतला. तेव्हा इंडियानाची खूप थट्टा झाली. एवढा मोठा माणूस देऊन हे एवढंसं घेतलं! मीही त्या थट्टेत होतो आणि तुझ्या मामाशी तावातावाने वाद घातला होता. दोन वर्षांनी ओक्लाहोमा सिटीने जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवलं आणि शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीच्या पाच निवडी आणि दोन अदलाबदलीचे हक्क घेतले. त्यांतल्या एका निवडीतून २०२२मध्ये जेलन विल्यम्स आला. इकडे साबोनिसच्या बदल्यात इंडियानाकडे हॅलिबर्टन आला. आणि जून २०२५च्या अंतिम मालिकेत कोण समोरासमोर उभे होते? ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना. एका बाजूला शे आणि विल्यम्स, दुसऱ्या बाजूला हॅलिबर्टन. २०१७च्या एका सौद्याची दोन्ही टोकं आठ वर्षांनी त्या मैदानावर भेटली. तुझ्या मामाशी घातलेल्या त्या वादात आम्ही दोघांनीही याचा विचार केला नव्हता.

सातव्या सामन्याच्या पहिल्याच क्वार्टरमध्ये हॅलिबर्टनची टाचेची शीर तुटली आणि तो कोसळला. ओक्लाहोमा सिटी जिंकली. काही दिवसांतच पेसर्सबरोबर दहा मोसम काढलेला माइल्स टर्नर मिलवॉकीला गेला. त्याच्यासाठी जागा करायला मिलवॉकीने डेमियन लिलार्डला मुक्त केलं आणि त्याच्या राहिलेल्या जवळपास ११ कोटी ३० लाख डॉलरचा भार पुढच्या पाच वर्षांवर पसरला. लिलार्डचीही तीच शीर तुटलेली होती. वहीत हे लिहिताना तू एक बाण काढशील, नाव खोडशील, दुसरं लिहिशील. त्या बाणाच्या टोकाला माणूस असतो, बाळ.

आमच्या पिढीला हे सांगावं लागत नाही. आम्ही अशा सौद्याला बदली म्हणायचो. तुझी आई चौथीत असताना ऐन डिसेंबरात माझी बदली नांदेडला झाली. कागदावर ती बदली बरोबर होती. तिथल्या शाखेला माणूस हवा होता, इथे दोन जास्त होते. बदल्या ठरवणाऱ्या कार्यालयात बसून मीच यादी केली असती तरी माझंच नाव लिहिलं असतं. पण तुझी आई नव्या शाळेत महिनाभर कोणाशी बोलली नाही, हे त्या यादीत कुठे लिहिलेलं नव्हतं. हॅलिबर्टनने नंतर उघडपणे सांगितलं की त्याला सॅक्रामेंटो सोडायचं नव्हतं. ते वाचताना मला नांदेडमधली आमची खोली आठवली. या खेळाडूंना पैसे अमाप मिळतात, हे खरं. तरी वयाच्या विशी-बाविशीत, कोणी न विचारता, रातोरात गाव बदलावं लागतं, हेही खरं. ऑस्कर रॉबर्टसन या थोर खेळाडूने खेळाडूंच्या संघटनेच्या वतीने १९७०मध्ये दावा लावला आणि १९७६मध्ये तडजोड झाली, तेव्हा कुठे करार संपल्यावर आपला संघ निवडण्याची वाट खुली झाली. त्याआधी तीही नव्हती. रॉबर्टसनचं नाव तुझ्या वहीत कुठेच नाही, ते पहिल्या पानावर लिही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : किंग्ज मूर्ख नव्हते. त्यांची गरज खरी होती आणि एका वसंतात ती पुरी झाली. चूक झाली ती निवडीत. फॉक्स आणि हॅलिबर्टन या दोघांपैकी ज्याला ठेवायचं होतं, त्यालाच त्यांनी दिलं. एकवीस वर्षांचा, कमी पगाराचा, चार जणांना चांगलं खेळायला लावणारा मुलगा कोणताही संघ सहज देत नाही. इंडियानाला ते कळलं, कारण २०१७ला त्यांची थट्टा झाली होती आणि तरुण खेळाडूची वाट पाहणं ते शिकले होते.

वही या पत्राबरोबर परत पाठवतो आहे. शेवटची वीस पानं कोरी आहेत. तिथे नवे सौदे लिही, पण प्रत्येक सौदा दोनदा लिही : एकदा सॅक्रामेंटोकडून, एकदा समोरच्या संघाकडून, आणि दुसऱ्या वेळी तुझ्या मित्राची लाल शाई वापर. परीक्षा संपली की रविवारी ये. मी पगारांचा तक्ता काढून ठेवतो.

तुझा,
आजोबा