वासराचा वाटा

नैवेद्यापासून श्राद्धापर्यंत दुधाची वहिवाट आपल्या समाजात इतकी जुनी आहे की, ते आपण एका मुक्या जीवाकडून घेतो हे ध्यानात येण्याचे प्रसंगच फारसे येत नाहीत. मांसाहाराचा त्याग करणाऱ्याला येथे शतकानुशतके आदर मिळत आला. परंतु दूध, दही, ताक, तूप हेही जो सोडू पाहतो, त्याच्याविषयी घरचीच माणसे चिंताक्रांत होतात, कारण पूजेचे पंचामृत, वरणभातावरचे साजूक तूप आणि पाहुण्याच्या हाती दिलेला चहा या साऱ्यांचा तो एकाच वेळी निरोप घेत असतो. हा त्याग म्हणजे परक्या विचारसरणीचे अनुकरण, ही तक्रार मला मान्य नाही. आपल्याच नीतिविचाराची ती चढायची राहून गेलेली पायरी आहे.

धार काढण्याची जुनी रीत ज्याने गोठ्यात उभे राहून पाहिली आहे, त्याला हे पटवून द्यावे लागत नाही. दावे सुटताच वासरू कासेला लुचते, दोन-चार ढुशा देते, आणि गाईने पान्हा सोडला, वासराच्या तोंडाला फेस आला की, त्याच क्षणी त्याला मागे ओढून खुंट्याला बांधतात. पुढची धार चरवीत पडते. वासरू दगावले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे उभे करण्याचीही चाल होती. यावरून शेतकऱ्याला निर्दय ठरवणे अन्यायाचे होईल. वासरासाठी एक सड राखणारी घरे होती, आणि खोंड पुढे औताला जुंपला जाई, म्हणून त्याच्याही जगण्याची तजवीज होती. ट्रॅक्टरने ती तजवीज मोडली. १९७० साली सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने गावाच्या दुधाला शहराची बाजारपेठ मिळवून दिली, आणि दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर असंख्य अल्पभूधारकांचे प्रपंच उभे राहिले, हे उपकार विसरता येणार नाहीत. तथापि व्याल्यावाचून दूध नाही आणि जन्मणाऱ्यांत साधारण निम्मे नर असतात. तेव्हा खोंडाचे आणि रेडकाचे पुढे काय होते, हा प्रश्न दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यालाही आपल्या हिशेबातून वगळता येत नाही.

या प्रश्नाची जाणीव आपल्या परंपरेला अजिबात नव्हती असे नाही. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वसुबारसेला, सवत्स धेनूची पूजा करणाऱ्या व्रतस्थ स्त्रिया दूधतूप वर्ज्य करतात आणि बाजरीची भाकरी व गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन उपवास सोडतात. त्या आचारात वासराचा हक्क कबूल केला आहे, असे मी मानतो. आणि जो हक्क द्वादशीला खरा, तो त्रयोदशीला रद्दबातल कोणत्या न्यायाने ठरावा?

मात्र न्याय पटला म्हणजे आचरण साधले असे होत नाही, याचा सर्वांत बोलका दाखला गांधीजींचा आहे. कलकत्त्याकडील गवळी जनावरांवर करीत असलेल्या क्रूर प्रयोगांची हकिकत वाचून त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर सहकारी कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. परंतु १९१८ च्या दुर्धर आजारातून उठताना कस्तुरबांच्या आग्रहाने त्यांना शेळीचे दूध स्वीकारावे लागले. प्रतिज्ञेचे अक्षर राखले गेले, आत्मा दुखावला गेला, ही खंत त्यांनी स्वतःच आत्मकथेत नमूद केली आहे. दुधाची जागा घेईल असा वनस्पतिज पदार्थ ते वैद्य-डॉक्टरांकडे शोधत राहिले. प्राणिज पदार्थ पूर्णपणे सोडणाऱ्यास ज्याची उणीव हमखास भासते, ते ब-१२ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले १९४८ साली, गांधीजींच्या निधनानंतर अवघ्या काही महिन्यांनी. हे जीवनसत्त्व सूक्ष्म जीवाणू निर्माण करतात. भाजीभाकरीतून ते भरवशाने मिळत नाही, म्हणून त्याची गोळी नियमाने घेणे यात कमीपणा मानू नये, आणि गर्भिणी व बालके यांच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून एक पाऊलही टाकू नये. संकल्पाला ज्ञानाची जोड नसेल, तर त्याचा भार शरीरावर पडतो.

म्हणून हे स्थित्यंतर व्रताच्या आवेशाने करू नये, अभ्यासाच्या सावकाशीने करावे. पिठले-भाकरी, मटकीची उसळ, कुळथाची पिठी, कारळ्याची किंवा जवसाची चटणी या पदार्थांना दूध कधी लागलेच नव्हते. आरंभ त्यांच्यापासून करावा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट, आणि नाचणीला मोड आणले की ते अंगी लागण्यास मदत होते. कोकणात ओले खोबरे वाटून, फडक्यातून पिळून काढलेल्या दाट रसात गूळ आणि वेलची घालतात व तांदळाचे घावन त्यात बुडवून खातात. त्या पक्वान्नात तुपादुधाचा थेंब नसतो, आणि खाणाऱ्याला त्याची आठवणही होत नाही. शेंगदाण्याचे दूध कोमट असताना त्यात हिरव्या मिरचीची देठे टाकून झाकून ठेवले, तर त्याला विरजण लागते आणि कढीपुरते दही घरीच होते. सर्वांत चिवट सवय चहाची. ती शेवटी सुटली तरी हरकत नाही.

एका गोष्टीची धास्ती मात्र मला वाटते. अन्नावरून माणसामाणसांत भिंती घालण्याचे पाप या समाजाने पुष्कळ केले आहे. दुधाच्या त्यागाचे नवे सोवळे निर्माण झाले, तर ते पाप दुणावेल. मासळीवर जगणारा कोळी किंवा एका म्हशीवर मुलांची फी भरणारी विधवा यांना दोषी ठरवण्याचा अधिकार शहरातील सुस्थित ग्राहकाला नाही. त्याचे कर्तव्य वेगळे आहे: दुधावरचा जो पैसा वाचला, तो त्याच कोरडवाहू शेतकऱ्याच्या नाचणीला, तिळाला, भुईमुगाला रास्त भावाने पोचवणे. वासराला त्याचा वाटा परत देताना गोठ्याच्या धनिणीचा वाटा बुडणार नाही, एवढी व्यवस्था जो लावील, त्याचाच त्याग नीतीच्या कसोटीला उतरेल.