करिंथमधले बिऱ्हाड



आपल्या मार्गासनी भागातली मुले मुलाखतीसाठी पहाटेच निघतात. चेलाडी फाट्यावर हायवे, मग स्वारगेट, तिथून पुन्हा बस. 'अनुभव आहे का?' हा प्रश्न ठरलेला आणि 'कळवतो' हे उत्तरही ठरलेले. नोकरी लागेपर्यंत राहणार कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही.

संत पौल करिंथ शहरात नवखा होता. त्याला आधी घर मिळाले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18). अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याने त्याला ठेवून घेतले. तेही क्लौद्य कैसराच्या हुकुमामुळे रोम सोडून आलेले, म्हणजे उपरेच! त्यांचा धंदा तंबू करण्याचा, पौलाचाही तोच. तो त्यांच्याबरोबर कामाला लागला आणि दीड वर्ष त्या शहरात राहिला. प्रेषिताला हातकामाचा कमीपणा वाटला नाही. आपल्याला मात्र पदवीधर मुलगा वर्कशॉपमध्ये गेलेला खटकतो.

ज्यांचे पुण्यात बिऱ्हाड आहे, त्यांनी गावाकडच्या एखाद्या मुलाला दोन महिने कोपरा द्यावा. आणि तरुणांनो, नोकरीआधी 'डिपॉझिट' मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. कागद घेऊन मिस्सानंतर मला भेटा. कंपनीत फोन करून खात्री करून घेऊ.